फ्रीजची सफाई : पुढून आणि मागून

फ्रीज स्वच्छ करायचा म्हणजे नेमके काय करायचे, असा प्रश्न आठवी-नववीच्या वर्गात विचारून पाहा. उत्तरे बहुधा अशी येतील : भांडी बाहेर काढायची, कप्पे धुवायचे, आतून ओले फडके फिरवायचे, दार चकचकीत करायचे. ही उत्तरे चूक नाहीत, पण ती सगळी फ्रीजच्या पुढच्या बाजूची आहेत. फ्रीज किती वीज खातो, किती वर्षे टिकतो आणि तो पुसणाऱ्याच्या जिवाला धोका किती, हे बव्हंशी त्याच्या मागे, त्याच्या खाली आणि भिंतीवरच्या तीन भोकांच्या सॉकेटात ठरते. तिकडे मात्र फडके क्वचितच पोहोचते. असे का, याचे उत्तर शोधायचे तर फ्रीज काय करतो हे आधी स्पष्ट व्हायला हवे.

हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथ तालुक्यात पूर्णा नदीवर सिद्धेश्वरचे धरण आहे. नदीच्या वरच्या अंगाला येलदरीचे धरण. येलदरीहून सोडलेले पाणी आधी जलविद्युत केंद्राची चक्रे फिरवते, मग सिद्धेश्वरच्या जलाशयात येते आणि तिथून कालव्यांनी शेतांकडे जाते. या साऱ्या प्रवासात पाण्याला कोणी ढकलावे लागत नाही, उतार असला की पुरे. पण जलाशयाच्या काठच्या एखाद्या शेतकऱ्याचे रान उंचावर असेल, तर तिथे पाणी आपण होऊन चढत नाही. मोटार बसवावी लागते, विजेचे बिल भरावे लागते.

उष्णतेचेही असेच आहे. ती गरम वस्तूकडून थंड वस्तूकडे आपोआप वाहते. उलट दिशेने, म्हणजे फ्रीजमधल्या थंड दुधाकडून स्वयंपाकघरातल्या गरम हवेकडे न्यायची, तर पंप हवा. फ्रीज म्हणजे उष्णतेचा पंप. तो थंडी ‘तयार’ करत नाही, आतली उष्णता उपसून बाहेर टाकतो. (फ्रीजचे दार उघडे ठेवले तर खोली गार होईल का, हा प्रश्न मुलांना जरूर घाला. खोली उलट थोडी तापते. उपसलेली उष्णता त्याच खोलीत पडते आणि मोटारीने खाल्लेल्या विजेची उष्णता वर भर घालते.)

या पंपात पाण्याऐवजी एक सहज उकळणारा पदार्थ फिरतो. हल्लीच्या बहुतेक घरगुती फ्रीजमध्ये तो आयसोब्युटेन असतो. साध्या हवेच्या दाबाला तो उणे १२ अंश सेल्सियसच्या सुमारास उकळतो. बर्फाच्या कप्प्याभोवतीच्या नळ्यांत तो कमी दाबाखाली उकळतो आणि त्यासाठी लागणारी सुप्त उष्णता आतल्या हवेतून, अन्नातून घेतो. माठाच्या अंगावरचे पाणी उडून जाताना माठ गार करते, तेच हे तत्त्व. माठातून उडालेली वाफ परत येत नाही, इथे मात्र कॉम्प्रेसर ती वाफ ओढून घेतो, दाबतो आणि मागच्या काळ्या जाळीत ढकलतो. दाबल्यामुळे तापलेली वाफ जाळीत उष्णता सोडून पुन्हा द्रव होते. केसासारख्या बारीक नळीतून हा द्रव परत बर्फाच्या कप्प्याकडे जातो आणि चक्र पुन्हा सुरू होते. नव्या अनेक फ्रीजमध्ये जाळी दिसत नाही, कारण तिच्या नळ्या दोन्ही बाजूंच्या पत्र्याआड चिकटवलेल्या असतात. बाजूचा पत्रा हाताला कोमट लागतो तो त्यामुळेच, त्यात बिघाड काही नाही.

आता विहीर जितकी खोल तितकी मोटारीला मेहनत जास्त, हे खेड्यातल्या मुलांना सांगावे लागत नाही. फ्रीजची ‘खोली’ तापमानातल्या फरकाने मोजायची. डिसेंबरमधल्या पहाटे स्वयंपाकघरात १२ अंश आणि फ्रीजमध्ये ४ अंश असतील, तर फरक ८ अंशांचा. मे महिन्यातल्या दुपारी मराठवाड्यात पारा ४२ वर गेला की फरक ३८ अंशांचा. भिंतींतून आत झिरपणारी उष्णता या फरकाच्या प्रमाणात असते, म्हणजे मे महिन्यात ती जवळजवळ पाचपट झाली. शिवाय ती उपसून टाकायची तीही जास्त तापलेल्या हवेत. दोन्हीकडून मार.

यात भर पडते धुळीची. मोटारीच्या फूटव्हॉल्व्हला (शेतकऱ्यांच्या तोंडी ‘फुटबॉल’ला) गाळ आणि शेवाळ बसले की मोटार घरघरत राहते आणि पाणी मात्र धड येत नाही. फ्रीजच्या जाळीवर धूळ, स्वयंपाकघरातला तेलकट थर आणि कापसाचे तंतू यांची गोधडी बसली की नेमके हेच होते. उष्णता बाहेर पडायला अडते, म्हणून जाळीचे तापमान चढते. एक ढोबळ हिशेब करू. बर्फाच्या कप्प्याच्या नळ्या उणे २० अंशांवर म्हणजे २५३ केल्विनवर आहेत आणि स्वच्छ जाळी ५५ अंशांवर म्हणजे ३२८ केल्विनवर आहे असे धरा. आदर्श फ्रीज १ एकक वीज खर्चून २५३ भागिले ७५, म्हणजे सुमारे ३.४ एकके उष्णता उपसेल. धुळीने जाळी ६५ अंशांवर गेली, तर भाजक ८५ होतो आणि उत्तर ३ च्या किंचित खाली येते. साधारण बारा टक्के तोटा, तोही आदर्श यंत्रात. खरा फ्रीज आदर्शापेक्षा पुष्कळ मागे असतो, पण तोट्याची दिशा हीच. अकरावीच्या विद्यार्थ्यांना कार्नोचे सूत्र शिकवताना हे उदाहरण घ्यायला हरकत नाही. इंजिनाच्या उदाहरणापेक्षा ते त्यांच्या जास्त जवळचे आहे.

म्हणून वर्षातून दोनदा, त्यातले एकदा तरी उन्हाळा लागण्यापूर्वी, मागची जाळी कोरड्या मऊ ब्रशने वरून खाली झाडावी. पाणी मारू नये. जाळीच्या तारांवर जोर देऊ नये. नळी चेपली तर दुरुस्ती महाग पडते. फ्रीज आणि भिंत यांत वीतभर नाही तरी चार-सहा बोटे अंतर हवेच, कारण तापलेली हवा वर चढायला वाट लागते. फ्रीजच्या बाजूला टॉवेल वाळत घालणे, वर गोधड्यांचा ढीग रचणे, शेजारी गॅसची शेगडी ठेवणे हे सगळे त्या वाटेत दगड टाकण्यासारखे आहे.

पण ब्रश हातात घेण्याआधी एक काम आहे, आणि त्यावर थोडे जास्त बोलले पाहिजे.

प्लग काढा, नुसते बटण बंद करू नका

बटण बंद केले की वीज बंद झाली, असे आपण समजतो. जोडणी करणाऱ्याने बटण फेजच्या तारेवर बसवले असेल तरच ते खरे. चुकून न्यूट्रलवर बसवले असेल, तर बटण बंद असूनही फ्रीजच्या आतल्या तारांवर फेज तसाच राहतो. बाहेरून काही कळत नाही. म्हणून प्लग काढून बाजूला ठेवायचा आणि तो कोरड्या हाताने काढायचा.

आता तो प्लग नीट पाहा. तीन पिनांतली वरची पिन लांब आणि जाड असते. ती अर्थिंगची. लांब असल्यामुळे प्लग घालताना ती सर्वांत आधी जोडली जाते आणि काढताना सर्वांत शेवटी सुटते. फ्रीजचा पत्रा या पिनेला जोडलेला असतो. आत कुठे तारेचे आवरण झिजून किंवा उंदराने कुरतडून फेज पत्र्याला लागला, तर वीज या वाटेने जमिनीत जावी, माणसातून जाऊ नये, अशी ही योजना आहे. आणि कितीतरी घरांत हीच पिन कापलेली असते, किंवा दोन भोकांच्या सॉकेटात बसावा म्हणून प्लगला टू-पिनची जोड दिलेली असते. फ्रीज चालतो, म्हणून कोणाला काही वाटत नाही.

आकडे पाहिले की धोका कळतो. अनवाणी, ओल्या फरशीवर उभ्या असलेल्या, हात ओले असलेल्या माणसाच्या शरीराचा विद्युतरोध हजार ओहमच्या आसपास येऊ शकतो. २३० व्होल्टला हजाराने भागले तर ०.२३ अँपिअर, म्हणजे २३० मिलिअँपिअर. हृदयाचा ठेका बिघडवायला याहून पुष्कळ कमी प्रवाह पुरतो. आणि घरातला फ्यूज किंवा एमसीबी? तो ६ किंवा १६ अँपिअरचा असतो. त्याच्या लेखी पाव अँपिअर म्हणजे एखादा जादा दिवा लागला, इतकेच. तो पडत नाही. तो तारांचे रक्षण करायला बसवलेला आहे, माणसाचे नव्हे. माणसासाठी वेगळे साधन आहे, आरसीसीबी. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला प्रवाह यांची ते सतत तुलना करते. ३० मिलिअँपिअरची तफावत दिसली की सेकंदाच्या तिसऱ्या भागाच्या आत ते वीज तोडते. नवीन घर बांधणाऱ्याने फरशीच्या रंगावर जितका विचार केला असेल, त्याच्या दशांश विचार या डबीवर करावा.

मराठवाड्यात आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. अर्थिंगचा खड्डा ओलसर असेल तरच तो वीज नीट शोषतो. आपली काळी माती उन्हाळ्यात वाळून हातभर खोल भेगाळते आणि तिचा विद्युतरोध वाढतो. म्हणजे पावसाळ्यात चांगले असलेले अर्थिंग एप्रिल-मे महिन्यांत, नेमका फ्रीज सर्वांत जास्त चालतो तेव्हा, नावापुरते उरते. खड्ड्यात मीठ-कोळसा घालण्याची आणि उन्हाळ्यात अधूनमधून पाणी ओतण्याची जुनी रीत यासाठीच आहे. फ्रीजला हात लावल्यावर झिणझिण्या येतात का, हे हात लावून पाहण्याची गोष्ट नाही. पत्र्याला टेस्टर लावावा. दिवा मिणमिणला तरी वायरमनला बोलवावे. ‘थोडासा करंट येतो, चप्पल घालून उघडायचा’ हे वाक्य मी सुशिक्षित घरांतही ऐकले आहे.

साफसफाई झाली की हात, प्लग आणि सॉकेट कोरडे असल्याची खात्री करून मगच वीज जोडावी. आणि प्लग काढल्यापासून किमान पाच मिनिटे तरी फ्रीज बंद राहिलेला असावा. कॉम्प्रेसर थांबला तेव्हा जाळीकडे दाब जास्त आणि बर्फाच्या कप्प्याकडे कमी असतो. बारीक नळीतून हळूहळू द्रव सरकून तो सारखा व्हायला काही मिनिटे लागतात. त्याआधी वीज दिली तर मोटारीला भरलेल्या दाबाविरुद्ध सुरू व्हावे लागते. ती अडते, भरमसाट प्रवाह ओढते आणि तापते. ‘टक्’ असा आवाज येऊन फ्रीज गप्प होतो तो संरक्षक स्विचमुळे. कमी व्होल्टेजमध्ये हे आणखी लवकर होते. सुरू होतानाचा मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, त्यामुळे २३० ऐवजी १६० व्होल्ट आले तर तो निम्म्याहूनही कमी भरतो. वीज गेली, आली, पुन्हा गेली असा खेळ सुरू असताना फ्रीजचे बटण बंद करून ठेवावे, यामागे हे गणित आहे.

बर्फ, सुरी आणि आईन्स्टाईन

साध्या, म्हणजे आपोआप बर्फ न वितळवणाऱ्या फ्रीजमध्ये दार उघडले की दमट हवा आत शिरते आणि तिच्यातली वाफ बर्फाच्या कप्प्यावर भुरभुरीत बर्फ होऊन बसते. बर्फ वाढला म्हणजे फ्रीज जोरात चालला आहे, असा एक समज आहे. प्रत्यक्षात हा थर म्हणजे पांघरूण असते. त्यात हवा कोंडलेली असते आणि कप्प्याच्या अ‍ॅल्युमिनियमच्या तुलनेत त्याची उष्णतावाहकता शेकडो पटींनी कमी असते. पाच-सहा मिलिमीटरचा थर दिसला की तो वितळवावा.

वितळवावा, खरवडू नये. बर्फाचा कप्पा म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचे दोन पातळ पत्रे एकमेकांवर दाबून मध्ये ठेवलेल्या पोकळ वाटा. त्या वाटांतून वायू फिरतो. सुरीचे टोक घुसायला फार जोर लागत नाही. एकदा भोक पडले की गॅस जातो आणि पुष्कळदा सगळा कप्पाच बदलावा लागतो. १ किलो बर्फ वितळायला सुमारे ३३४ किलोज्यूल उष्णता लागते. ती पुरवायला प्लग काढून, दार उघडे ठेवून, कप्प्यात एका जाड फडक्यावर गरम पाण्याचे पातेले ठेवले की झाले. उन्हाळ्यात तर नुसते दार उघडे ठेवले तरी पुरते.

सुरीचा धोका पूर्वी केवळ खिशाला होता. आज तो वेगळा आहे आणि तो समजायला थोडा इतिहास पाहावा लागेल. सुरुवातीच्या घरगुती फ्रीजमध्ये सल्फर डायऑक्साइड, मिथिल क्लोराइड, अमोनिया असे वायू असत, सगळे विषारी. १९२०च्या दशकात बर्लिनमध्ये फ्रीजच्या गळतीने एक कुटुंब झोपेतच दगावल्याची बातमी आईन्स्टाईनने वाचली आणि तो अस्वस्थ झाला. लिओ झिलार्ड या तरुण भौतिकशास्त्रज्ञाबरोबर त्याने हलणारे भागच नसलेल्या, म्हणून गळणार नाहीत अशा फ्रीजच्या रचना आखल्या. त्यांतल्या एकीला १९३० साली अमेरिकेत पेटंट मिळाले. याच आईन्स्टाईनने १९१६ मध्ये वर्तवलेल्या गुरुत्वीय लहरी टिपण्यासाठी औंढ्याजवळ लायगो-इंडिया ही वेधशाळा उभारायला केंद्र सरकारने २०२३ मध्ये मंजुरी दिली. सिद्धेश्वर परिसरातल्या शिक्षकांना आईन्स्टाईनचे नाव वर्गात काढायला दोन निमित्ते आहेत ती अशी. पहिले घरातच आहे.

आईन्स्टाईनचा फ्रीज बाजारात आला नाही, कारण त्याच सुमारास अमेरिकेत थॉमस मिजली याने क्लोरोफ्लुओरोकार्बन जातीचे वायू पुढे आणले. ते विषारी नव्हते, जळतही नव्हते. १९५८ मध्ये गोदरेजने भारतात फ्रीज बनवायला सुरुवात केल्यानंतरही कित्येक दशके आपल्याकडच्या फ्रीजमध्ये हाच वायू होता. घरात इतका निरुपद्रवी असलेला वायू वर जाऊन ओझोनचा थर खातो, हे मोलिना आणि रोलंड यांनी १९७४ मध्ये दाखवले आणि १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला. पुढे ओझोनला न छेडणारा आर १३४ए आला, पण तो पृथ्वी तापवण्यात पटाईत निघाला. शेवटी पाळी आली आयसोब्युटेनची, ज्याला मेकॅनिक आर ६००ए म्हणतात. तो ओझोनला हात लावत नाही, वातावरण तापवण्यात त्याचा वाटा नगण्य आहे, पण तो जळतो. जळणारच, स्वयंपाकाच्या सिलिंडरमधल्या गॅसचा तो सख्खा भाऊ आहे.

घाबरायचे कारण नाही. सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो, फ्रीजमध्ये मूठभर ग्रॅम. पण एक फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे. सिलिंडरच्या गॅसमध्ये गळती कळावी म्हणून मुद्दाम उग्र वासाचा पदार्थ मिसळतात. फ्रीजच्या गॅसमध्ये तो नसतो, त्यामुळे गळती नाकाला कळत नाही. शिवाय हा वायू हवेच्या दुप्पट जड, तो खाली साचतो. म्हणून बर्फ काढताना ‘फुस्स’ असा आवाज आला तर कोणतेही बटण चालू-बंद करू नये, शेगडी विझवावी, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि बाहेर पडून मेकॅनिकला बोलवावे. आपल्या फ्रीजमध्ये कोणता गॅस आहे ते कॉम्प्रेसरवर किंवा मागच्या पट्टीवर लिहिलेले असते. जळणाऱ्या वायूसाठी शेजारी ज्वालेचे चित्र असलेला पिवळा त्रिकोणही असतो. बर्फ वितळवायला मेणबत्ती, स्टोव्ह किंवा हेअर ड्रायर आत घालू नये. पहिल्या दोघांत ज्योत आहे, तिसऱ्यात वीज आणि पाणी एकत्र येतात.

आतली सफाई आणि हळदीचा डाग

आतल्या सफाईला खरे तर फार काही लागत नाही. एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे खाण्याचा सोडा, एक मऊ फडके, मग साध्या पाण्याचे फडके आणि शेवटी कोरडे फडके. सोडा सौम्य अल्कली आहे. तो तेलकटपणा आणि आंबूस वासाची आम्ले दोन्ही घालवतो आणि स्वतःचा वास मागे ठेवत नाही. सोड्यात व्हिनेगर ओतून फसफसणारे मिश्रण वापरण्याचा सल्ला हल्ली फार ऐकू येतो. आम्ल आणि अल्कली एकमेकांना संपवतात, उरते ते सोडियम अ‍ॅसिटेटचे खारट पाणी. फेस पाहून समाधान मिळते, एवढेच.

याहून गंभीर गोष्ट म्हणजे ब्लीचिंगच्या द्रावणात व्हिनेगर किंवा संडासासाठीचे अ‍ॅसिड मिसळणे. त्यातून क्लोरीन वायू निघतो. अमोनिया असलेल्या काचेच्या क्लीनरबरोबर ब्लीच मिसळले तर क्लोरअमाइन तयार होते. फ्रीजच्या पेटीत डोके घालून पुसणाऱ्याच्या नाकाशी हे वायू साचतात. दोन सफाईद्रव्ये कधीही एकत्र करू नयेत. रॉकेल, पेट्रोल, थिनर यांनी डाग जातात, पण आतले प्लॅस्टिक पुष्कळदा पॉलिस्टायरिनच्या जातीचे असते आणि ते त्यांत विरघळते किंवा तडकते. तेच लिंबू-संत्र्याच्या सालीचे. सालीतल्या तेलात लिमोनीन असते. विश्वास बसत नसेल तर थर्मोकोलच्या तुकड्यावर संत्र्याची साल पिळा. थर्मोकोल खड्डा पडून वितळताना दिसेल, तोही पॉलिस्टायरिनच आहे. लिंबाच्या साली फ्रीजच्या भिंतीवर घासू नयेत, असे मी म्हणतो ते यामुळे.

वसमत-हिंगोलीच्या बाजारात हळदीची मोठी उलाढाल चालते, आणि या भागातल्या फ्रीजमधला सर्वांत चिवट डाग अर्थातच हळदीचा. आमटी सांडलेल्या ट्रेवर साबण लावला की पिवळा डाग लालभडक होतो आणि माणूस दचकतो. हळदीतले कर्क्युमिन आम्लात पिवळे आणि अल्कलीत लाल असते. लिंबाचा रस टाकला की ते पुन्हा पिवळे. दर्शकाचा हा प्रयोग लिटमसशिवाय वर्गात होतो, साबण, लिंबू आणि चिमूटभर हळद पुरते. पण डाग घालवायचा कसा? कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळते. म्हणून नुसत्या पाण्याने कितीही घासले तरी व्यर्थ. आधी किंचित गोडेतेल चोळावे, मग साबणाने तेल काढावे. तरी उरलेला डाग उन्हावर सोपवावा, कारण प्रकाशाने कर्क्युमिनचा रेणू तुटतो. ट्रे सकाळच्या कोवळ्या उन्हात दोन-तीन दिवस ठेवला की डाग फिका पडत जातो. अर्धा ट्रे कागदाने झाकून ठेवला तर तोच प्रयोग होतो.

काचेचे कप्पे बाहेर काढल्याबरोबर गरम पाण्याखाली धरू नयेत. काचेचा एक भाग झटकन प्रसरण पावतो, दुसरा थंडच राहतो आणि काच तडकते. अर्धा तास बाहेर ठेवून मग धुवावेत. दाराचे रबर विसरू नये. त्याच्या घड्यांत खरकटे आणि काळी बुरशी साठते. जुना मऊ टूथब्रश आणि साबणाचे पाणी तिथे उपयोगी पडते. रबराच्या आत चुंबकाची पट्टी असते, दार लागते ते तिच्यामुळे. रबर धड आहे की नाही ते पाहायला दारात दहा रुपयांची नोट धरून दार लावा आणि नोट ओढा. सहज सरकली तर तिथून रात्रंदिवस गरम हवा आत जाते आहे.

आत ओलावा, खरकटे नको ते कशासाठी? थंडीत जंतू मरत नाहीत, त्यांची वाढ मंदावते इतकेच. लिस्टेरियासारखा एखादा जंतू तर ४ अंशांनाही सावकाश वाढतो. कच्चे मांस-मासळी खालच्या कप्प्यात झाकून ठेवावी, म्हणजे तिचे पाणी दुसऱ्या अन्नावर गळत नाही. फ्रीजचा आकडा १ ते ५ किंवा १ ते ७ असा असतो, तो तापमान नसतो. खरे तापमान पाहायचे तर पेलाभर पाण्यात थर्मामीटर ठेवून रात्रभर मधल्या कप्प्यात ठेवावा. ४-५ अंश दिसले पाहिजेत. वीज गेल्यावर दार न उघडल्यास साधारण चार तास आतले अन्न सुरक्षित राहते असे धरतात. मे महिन्यातल्या ४२ अंशांत मी तीनच धरीन. प्राथमिक आरोग्य केंद्रातली लस ठेवण्याची पेटी दिवसात आठ तास वीज मिळाली तरी २ ते ८ अंश टिकवते, कारण तिच्या भिंतींत बर्फाचे अस्तर असते आणि झाकण वरून उघडते, त्यामुळे जड थंड हवा ओघळून जात नाही. घरी बर्फाच्या कप्प्यात पाण्याच्या दोन-तीन बाटल्या (तोंडाशी रिकामी जागा सोडून) गोठवून ठेवल्या, तर त्या तत्त्वाचा थोडा लाभ मिळतो.

मागचा ट्रे

वितळलेल्या बर्फाचे पाणी जाते कुठे? आतल्या मागच्या भिंतीच्या तळाशी एक भोक असते. ते कोथिंबिरीच्या काड्यांनी तुंबले की भाजीच्या ट्रेखाली पाणी साचते. सरबताची नळी आणि कोमट पाणी यांनी ते मोकळे होते, तार घालू नये. भोकातून पाणी मागे कॉम्प्रेसरवरच्या छोट्या ट्रेमध्ये येते आणि तिथल्या उबेने उडून जाते. रचना सुरेख आहे. पण पावसाळ्यात हवा दमट असली की पाणी उडत नाही, साचते. उबदार, स्थिर, अंधाऱ्या जागेतले पाणी ही डेंग्यूच्या एडीस इजिप्ती डासाची आवडती जागा आहे. डेंग्यूच्या दिवसांत घरोघर तपासणीला येणारे आरोग्य कर्मचारी कूलर आणि रांजणाबरोबर फ्रीजचा हा ट्रे पाहायला मागतात, ते उगाच नाही. अंड्यापासून डास व्हायला उन्हाळी-पावसाळी हवेत आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’.

इथे नुसते पाणी ओतून भागत नाही. एडीसची मादी अंडी पाण्यात न घालता पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या ओलसर कडेला चिकटवते. ती अंडी सुकली तरी कित्येक महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी लागले की उबतात. ट्रे काढता येत असेल तर कडा घासून, धुऊन, वाळवून बसवावा. निघत नसेल तर प्लग काढून, कॉम्प्रेसर थंड झाल्यावर फडक्याने आतून रगडून पुसावा. वर्गाने मनावर घेतले तर एक पाहणी सहज होईल : प्रत्येकाने घरच्यांच्या मदतीने आपल्या व शेजारच्या फ्रीजचा ट्रे पाहायचा, पाणी होते का, अळ्या होत्या का, ट्रे आहे हे घरात कोणाला ठाऊक होते का, एवढे तीन रकाने. जुलै आणि जानेवारी अशी दोनदा केली तर आकडे बोलतील.

आणि फ्रीज मोडीत काढायची वेळ आली, तर दोन गोष्टी. २००० सालापूर्वीच्या फ्रीजमध्ये जुना क्लोरोफ्लुओरोकार्बन असण्याची शक्यता मोठी. त्याचा एक किलो वातावरण तापवण्यात दहा हजार किलो कार्बन डायऑक्साइडला भारी आहे, म्हणून नळी कापून गॅस हवेत सोडून देणाऱ्या भंगारवाल्यापेक्षा तो काढून घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे फ्रीज द्यावा. दुसरी गोष्ट दाराची. एकेकाळी फ्रीजला बाहेरून लागणारी कडी असे. लपाछपी खेळताना टाकलेल्या फ्रीजमध्ये शिरलेली मुले गुदमरून जात. अमेरिकेत इतकी गेली की दार आतून उघडता आलेच पाहिजे असा कायदा १९५६ मध्ये करावा लागला. चुंबकाचे दार आतून ढकलून उघडते खरे, पण आडवा पडलेला किंवा दार भिंतीकडे करून ठेवलेला फ्रीज आतून उघडत नाही. अंगणात, गोठ्यात, शाळेच्या अडगळीत जुना फ्रीज पडून असेल तर स्क्रू ड्रायव्हर घेऊन त्याच्या दाराच्या बिजागऱ्या सोडवाव्यात. दार वेगळे करून ठेवायला पंधरा मिनिटे लागतात.